चिमणपुऱ्यातल्या घराचं काम: गौरी ते संक्रांत

२४ ऑगस्ट २०२५

गवंडीमामांचा हिशोब पावतीच्या पाठीवर, सुतारांचा मोबाइलमध्ये आणि इंजिनिअरांनी सांगितलेलं माझ्या डोक्यात. असं पुढचे महिने चालणार नाही, म्हणून ही वही घातली.

घर साताऱ्यात, चिमणपुरा पेठेत. यांच्या पणजोबांनी बांधलेलं. काळ्या दगडाचं जोतं, त्यावर भेंड्यांच्या, म्हणजे कच्च्या मातीच्या विटांच्या, दोन फूट जाड भिंती, सागवानी खांब आणि तुळया, सोप्यावर आणि माजघरावर कडीपाट, वर मंगलोरी कौलं. दर वर्षी मे महिन्याच्या शेवटी शाकारणी होते. यंदा मेच्या तिसऱ्या आठवड्यातच पाऊस लागला, २६ मे ला तर मोसमी पाऊस पुण्या-मुंबईपर्यंत पोचला होता. आमच्या मागच्या पाख्यावरची निम्मी कौलं तेव्हा उतरवून अंगणात रचलेली होती. ताडपत्री टाकून निभावलं, पण माजघराच्या मागच्या भिंतीत पाणी मुरलं. जुलैत त्या भिंतीत शिरलेलं तुळईचं टोक सुतारांनी पटाशीने टोचलं तर ओला भुसा बाहेर आला. आता त्या तुळईखाली लोखंडी टेकू उभे आहेत आणि माजघर बंद आहे.

करायची कामं तीन. तुळई दुरुस्त करणं, मागच्या भिंतीची ओल घालवणं, आणि घरातल्या घरात कमोडची बाथरूम. आईंचे, म्हणजे सासूबाईंचे, गुडघे गेलेत. कराडच्या आत्या वॉकर घेऊन चालतात. परसाच्या टोकाला असलेल्या संडासापर्यंत पावसात जाणं दोघींनाही आता होत नाही.

अट एक. कामामुळे या घरातला एकही सण दुसऱ्या घरी जायचा नाही. पुण्याचे मोठे भाऊजी आणि जाऊबाई, ठाण्याच्या ताई, कराडच्या आत्या, सगळ्यांना फोन झाले, सगळ्यांना मान्य. गवंडीमामांना सांगितलं तर म्हणाले, "वहिनी, मग कामाला दुप्पट वेळ धरा. दर सणाला आवरायचं आन् पुन्हा मांडायचं, त्यातच दिवस जात्यात." धरला.

२६ ऑगस्ट

उद्या गणपती. परांचीचे बांबू मागच्या बोळात नेऊन ठेवले. माजघराच्या दाराला दोरी बांधली. सोपा शेणाने सारवल्यासारखा स्वच्छ झाला, मखर तिथेच.

३१ ऑगस्ट, गौरी आवाहन

आज अनुराधा नक्षत्र. आमच्याकडे उभ्या गौरी, पितळी मुखवट्यांच्या. तुळशीपासून जाऊबाई आणि ताईंनी त्या घरात आणल्या, पुढे ताईंची मुलगी कुंकवाच्या हाताने पावलं उमटवत. प्रत्येक उंबऱ्यावर थांबायचं. आतून विचारायचं, "गौर कशाच्या पावलांनी आली?" बाहेरून सांगायचं, "सोन्यामोत्यांच्या पावलांनी." मग तिला घर दाखवायचं: हे स्वयंपाकघर, ही धान्याची कोठी, हे देवघर.

माजघर वगळायचं असं मी ठरवलं होतं. वर तोललेली तुळई, खाली माती. आत्यांनी वॉकर बरोबर त्या दोरीपाशी उभा केला. "दोरी सोड गं. तिला घर दाखवायचं म्हणजे सगळं दाखवायचं. मोडलेलंसुद्धा." मुलांना सोप्यात थांबवलं आणि आम्ही मोठ्या बायका तेवढ्या आत गेलो. आत्यांनी जाऊबाईंच्या हातातला मुखवटा धरून मागच्या भिंतीकडे वळवला. म्हणाल्या, "हे माजघर. आम्ही सगळी भावंडं इथं जन्मलो. आणि हे परसदार."

तिथे दार नाही. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी तिथे सलग भिंतच बघत आले आहे. त्या भिंतीला टेकून आमचं धान्याचं पिंप असायचं.

रात्री भाजी-भाकरीचा नैवेद्य झाल्यावर आत्यांना नीट विचारलं. ११ डिसेंबर १९६७, कोयनेचा भूकंप. पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी. आत्या तेव्हा विशीच्या आसपास. आधी भांडी वाजली, मग कौलं घसरल्याचा आवाज, मग आजोबांची हाक. सगळे अंगणात. उजाडल्यावर बघितलं तर परसदाराच्या चौकटीच्या कोपऱ्यापासून वर आढ्यापर्यंत भिंत फाटलेली. पुढचे कित्येक दिवस, डिसेंबरच्या थंडीत, पेठेतले लोक बाहेर झोपले. मग आजोबांनी गवंडी बोलावून दार दगडमातीने बुजवून घेतलं, भिंतीला जोर यावा म्हणून.

आणखी एक गोष्ट त्या सहज बोलून गेल्या. "परसात उतरायला दोन दगडी पायऱ्या होत्या. तिथं बसून आम्ही भांडी घासायचो."

मी लगेच टॉर्च घेऊन मागे गेले. परसातली फरशी आज भिंतीला जिथे टेकते, तिथून माजघराची जमीन जेमतेम वीतभर उंच आहे. दोन पायऱ्या मावतील एवढी उंची तिथे नाही. म्हणजे परस वर आलं आहे. वर्षानुवर्षं भर टाकली, मग शहाबादी बसवली, तिच्यावर पुन्हा सिमेंटचा कोबा. जोत्याचा दगड त्याखाली गेला आणि परसात साचणारं पाणी आता थेट भेंड्यांना लागतं. गळक्या कौलांमुळे ओल आली हे खरं, पण भिंत दर पावसाळ्यात खालूनही पाणी पीत होती. हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं, कारण जोतं बघितलेलं माणूस कराडला राहत होतं.

१ सप्टेंबर, गौरी पूजन

पुरणपोळी, सोळा भाज्यांची एक भाजी, कटाची आमटी. पंगती सोप्यात, दोन खेपांमध्ये.

जेवणं झाल्यावर भाऊजींनी विषय काढला. आमच्याच पेठेत एका बिल्डरने दोन वाडे घेतले आहेत, तिसरा म्हणून आमच्याकडे विचारणा आहे. मालमत्ता पत्रकावर सात नावं आहेत. प्रत्येकाला काही ना काही मिळेल, आणि आईंना लिफ्टचा फ्लॅट. भाऊजी लोभाने बोलत नव्हते, हे मला इथे लिहून ठेवायचं आहे. आई परसात घसरल्या तेव्हा रात्रीतून गाडी काढून येणारे तेच होते. त्यांचा दुसरा पर्याय होता तो असा: कौलं काढून वर स्लॅब टाकू, म्हणजे दरवर्षीची शाकारणी संपेल.

स्लॅबला मी विरोध केला. भेंड्यांच्या भिंती हलक्या छपरासाठी आहेत. कोयनेचे धक्के अधूनमधून बसणाऱ्या भागात मातीच्या भिंतीवर काँक्रीटचं ओझं ठेवणं म्हणजे खाली झोपणाऱ्यांच्या जिवाशी खेळ. कौलं घसरतात, पुन्हा लावता येतात. १९६७ ला घरातलं कोणी दगावलं नाही त्याचं कारण हलकं छप्पर हेच आहे, असं मला मनापासून वाटतं.

फ्लॅटबद्दल आई बोलल्या. "एवढ्या जणांच्या पंगती कुठल्या फ्लॅटात बसतात?" चर्चा तिथे थांबली. वर्गणी ठरली, चारही घरांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे. हिशोब माझ्याकडे.

९ सप्टेंबर

पितृपक्ष सुरू झाला, पण गवंडीमामा आले. नवं घर बांधत नाही, आहे ते नीट करतोय, याला पितर हरकत घेत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. आईंनाही पटलं.

माजघराच्या आतल्या बाजूने चार फुटांपर्यंतचा सिमेंटचा गिलावा उतरवला. छिन्नी फारशी लागलीच नाही. खाली फट दिसली तिथे पहार घातली की पत्र्यासारखे तुकडे सुटत होते. मागे भेंडे काळपट ओले, वर पांढरा लोणा. त्याला बोट लावून जिभेवर टेकवलं तर खारट. मातीची भिंत पाणी घेते आणि उन्हाळ्यात सोडते, हे चालू राहिलं तर ती टिकते. सिमेंटने तिचं तोंड बंद केलं की पाणी आतच चढत जातं, आणि सुकताना क्षार पृष्ठभागावर येऊन भेंडा पिठासारखा करतो. आमच्या तुळईचं टोक असंच वर्षानुवर्षं ओल्या भिंतीत होतं.

१० सप्टेंबर

परसातला कोबा भिंतीलगत दीड फूट रुंदीत फोडायला घेतला.

१३ सप्टेंबर

पायरी सापडली. कोब्याखाली शहाबादी, तिच्याखाली मुरूम आणि मुरमाखाली वरची पायरी. घडीव काळा दगड, मधोमध गुळगुळीत झिजलेला. व्हिडिओ कॉल लावून आत्यांना दाखवली. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला असावा, कारण मला फक्त त्यांचं कपाळ दिसत होतं. "खालच्या पायरीला डाव्या अंगाला टवका आहे बघ. तुझ्या सासऱ्यांनी नारळ फोडला होता त्यावर." आणखी खणल्यावर खालची पायरी निघाली. टवका आहे.

२२ सप्टेंबर, घटस्थापना

बाथरूमचं सिमेंट आज घेतलं. जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आजपासूनच आला, म्हणून खरेदी थांबवून ठेवली होती. दुकानात गर्दी.

गवंडीमामा कोरेगाव तालुक्यातले. सोयाबीन काढणीला आलंय, ते दसऱ्याशिवाय परतत नाहीत. जाताना घरचा वाघ्या घेवडा देऊन गेले. त्यांचं शेत आहे म्हणून ते काम सोडून जातात याचा राग धरण्यात अर्थ नाही. शेत आहे म्हणूनच ते घाईत काम उरकत नाहीत.

२ ऑक्टोबर, दसरा

ओळंबा, थापी, गुण्या, सुतारांचा रंधा, पटाशा, करवत, माझी मोजपट्टी आणि ही वही, सगळं सोप्यात पाटावर मांडून पूजा केली. सुतारांनी स्वतःच्या हाताने रंध्याला हळद-कुंकू लावलं. झेंडूच्या माळा टेकूंनाही घातल्या. पोरं संध्याकाळी भवानी तलवारीची मिरवणूक बघायला गेली, मोठी माणसं आपटा घेऊन पेठेत फिरून आली.

भाऊजींनी येताना इंजिनिअर मित्राला आणलं होतं. त्यांनी भिंत बघून सांगितलं: दार उघडायला हरकत नाही, पण आधी तुळई, मग भिंतीला दोन्ही बाजूंनी आधार, मग वर नवीन सागवानी लिंटेल, म्हणजे दारावरचा भार पेलणारं आडवं लाकूड, दोन्हीकडे किमान नऊ इंच भिंतीत बसेल असं. आणि भूकंपाची जुनी भेग नुसती लिंपून चालणार नाही. दर दोन फुटांवर भेगेच्या आडवे खाचे घेऊन त्यात लाकडी पाट्या बसवायच्या, म्हणजे दोन्ही अंगं एकमेकांना धरून राहतात.

१२ ऑक्टोबर

तुळई झाली. कुजलेला भाग तिरका कापून काढला, जुन्या वाड्याच्या मोडीतून आणलेलं सागवान त्याच तिरकसपणाने तासून जोडलं, दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या, आरपार नटबोल्ट. सांधा लांब आहे, तुळईच्या उंचीच्या तिपटीहून जास्त. भिंतीत शिरणाऱ्या टोकाखाली दगडी पाटा बसवला आणि टोकाभोवती बोटभर मोकळी जागा ठेवली, हवा खेळायला. सुतार म्हणाले, "लाकूड पाण्यानं मरत नाही वहिनी, कोंडलं की मरतं." वाळवीचं औषध मारून टेकू आणखी महिनाभर तसेच.

वायरमन येऊन गेला. लाकडी पट्टीवरचं जुनं वायरिंग सोप्यापुरतं बदललं, अर्थिंग नवीन, आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवला. दिवाळीच्या माळा त्याच्याशिवाय लावायच्या नाहीत असं मी आधीच सांगितलं होतं.

१७ ऑक्टोबर, वसुबारस

काम बंद, आता भाऊबीजेनंतर. गवंडीमामा, बिगारी, सुतार, सगळ्यांची पोस्त आणि फराळाचे डबे दिले.

१९ ऑक्टोबर

सगळी जमली. पुरुष आणि मुलं सोप्यात, बायका वरच्या माळ्यावर, आई आणि आत्या देवघरात. माजघर अजून बंद, पण त्यातल्या एका कामाला मुलांना लावलं आहे. भिंतीवर पारदर्शक प्लॅस्टिकचे वीतभर चौकोन चारही कडांनी चिकटपट्टीने लावले, एक जमिनीपासून फुटावर, एक दोन फुटांवर, एक चार फुटांवर. दुसऱ्या दिवशी आतून दव जमलं की भिंत अजून पाणी सोडते आहे. भाऊजींची धाकटी रोज सकाळी अभ्यंगस्नान उरकून टॉर्च घेऊन तपासणार आणि वहीत लिहिणार. दुपारीही सर येऊन गेली, हवा दमट.

परसातून निघालेली पांढरी माती पोरांनी किल्ल्यासाठी पळवली. ११ जुलैला युनेस्कोने शिवरायांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यात आपल्या जिल्ह्याचा प्रतापगड आहे, म्हणून यंदा प्रतापगडच. माची, बुरूज, खाली जावळीचं रान म्हणून पेरलेलं हळीव. माती जुनी, मुरलेली, चिकण. बुरूज अजिबात तडकले नाहीत. गवंडीमामा आल्यावर त्यांना हे दाखवायचं, गिलाव्याला हीच माती वापरता येईल.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

फुटावर: मोठे थेंब. दोन फुटांवर: बारीक दव. चार फुटांवर: कोरडं. अक्षर भाऊजींच्या धाकटीचं.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

आत्यांनी भाऊजींना आणि यांना ओवाळलं, त्यांचे स्वतःचे भाऊ आता नाहीत. ओवाळणीची पाकिटं त्यांनी तशीच माझ्याकडे दिली. "पायऱ्यांच्या खर्चात धर." मी घेत नव्हते. आईंनी खुणेने घ्यायला सांगितलं. वर्गणीच्या पानावर त्यांचं नाव वेगळं लिहिलं आहे.

९ नोव्हेंबर

चुना भिजवला. कळीचा चुना, प्लॅस्टिकच्या पिंपात नाही, परसात विटांचा हौद करून. वाईचे एक वयस्कर गवंडी आहेत, घाटांच्या आणि देवळांच्या दुरुस्तीत चुन्याचं काम केलेले, ते आले होते. आधी पाणी, मग त्यात थोडी थोडी कळी. उलट केलं तर उसळून अंगावर येतो. पाणी काही क्षणांतच उकळायला लागलं, वाफा, फटफट आवाज. डोळ्यांना चष्मे, मुलांना परसात बंदी. ढवळून, चाळून, वर चार बोटं पाणी राखून झाकून ठेवला. निदान दोन महिने मुरायला हवा. जितका मुरेल तितका लोण्यासारखा लागतो.

जुन्या पद्धतीत चुना घाण्यात मळत असत, बैल जुंपून. गडांवर चुन्याच्या घाण्यांची दगडी चाकं पडलेली दिसतात ती त्यासाठीच. आमच्याकडे पायांनी तुडवणार.

३० नोव्हेंबर

बाथरूम. कोठीच्या खोलीत केली. भेंड्यांच्या भिंतीला टाइल्स लावायच्या नाहीत हे पक्कं होतं, म्हणून आत चार इंची विटांची वेगळी भिंत, मध्ये दोन इंच मोकळं. मैलापाइपाला फुटाला पाव इंच उतार. दार तीन फूट रुंद, उंबरा नाही, म्हणजे वॉकर सरळ आत जातो. आईंना कमोडवर बसवून हाताच्या दांड्यांची उंची पेन्सिलने खुणावली, मग मापाच्या पुस्तकातली उंची खोडली.

प्लंबर दोनदा वेळ देऊन आला नाही. टाइल्सही एका दुकानातून गुळगुळीत आल्या, मागितल्या होत्या खरखरीत. परत पाठवल्या. ओल्या पायांनी म्हाताऱ्या माणसाने चालायची जागा आहे, इथे तडजोड नाही.

कास तलावाचं पाणी सकाळी येतं तेव्हा टाकी भरायची, त्यासाठी परसात लोखंडी घोडा उभा केला.

११ डिसेंबर

मार्गशीर्षातला गुरुवार. आईंचं महालक्ष्मीचं व्रत सकाळीच आटोपलं. आजची तारीख कोणी ठरवून धरली नव्हती, टेकू, लिंटेलचं लाकूड आणि माणसं आज एकत्र मिळाली इतकंच. आत्यांना मात्र आठवण होती. पहाटे साडेचारला त्यांचा फोन आला, "आजच ना?"

दोन्ही बाजूंनी आधार देऊन वरून सुरुवात केली. आधी लिंटेलची खाच, अर्ध्या जाडीत, लाकूड बसवून, पाचरी ठोकून, मग दुसऱ्या बाजूची अर्धी. दुपारपर्यंत वरचा भार नव्या लाकडावर आला. मग बुजवलेलं काढायला घेतलं. पहार वापरू दिली नाही, हातानेच. दगड, भेंड्यांचे अर्धे, मधे मधे फुटक्या कौलांचे तुकडे. ती त्या पहाटे घसरलेलीच असणार.

जुनी चौकट आतच सोडलेली निघाली. खालचे दोन हात वाळवीने खाल्लेले, पण वरची पट्टी शाबूत, त्यावर कोरलेला गणपती, नाकावर आणि सोंडेवर माती गच्च बसलेली. सुतारांनी दात घासायचा जुना ब्रश मागितला. तासभर ते आणि आई दोघं समोरासमोर बसून ती पट्टी साफ करत होते. ती नव्या चौकटीत बसवायची.

चारच्या सुमाराला शेवटचा दगड निघाला आणि परसातलं ऊन माजघराच्या मधल्या खांबापर्यंत आलं. वारा सोप्यातून सरळ मागे जायला लागला. भिंत वाळायची तर असंच पाहिजे होतं. जाड भिंतीला इंचाला महिना असा ढोबळ हिशोब सांगतात. दोन फूट भिंत पूर्ण कोरडी व्हायला दोन पावसाळे जातील, पण आता ती दोन्ही अंगांनी वाळेल आणि खालून पाणी मिळणार नाही. परसात भिंतीलगतचा चर खडीने भरला, त्याचा उतार बोळाकडे काढला. जोत्याचा दगड पूर्ण उघडा आहे.

२८ डिसेंबर

भेगेतल्या लाकडी पाट्या बसल्या. टेकू काढले. तुळईखाली दोरी ताणून ठेवली आहे, फरक नाही.

४ जानेवारी २०२६

चार दिवस घर भरलेलं. ९९ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन शाहू स्टेडियमवर होतं, १ ते ४ जानेवारी. पाहुणे म्हणून आमच्या घरची माणसंच नाही, ताईंच्या वाचनमंडळातल्या मैत्रिणी, भाऊजींचे व्याही, यांचे जुने सहकारी, सगळे इथे उतरले. सकाळी पोहे, मग सगळे मांडवात, रात्री पिशव्या भरून पुस्तकं घेऊन परत. माजघरात पहिल्यांदाच गाद्या घातल्या. भिंत उघडी, गिलाव्याशिवाय, तिच्यातले भेंडे आणि भेगेतल्या पाट्या स्पष्ट दिसत. जे आले त्यांनी हात लावून पाहिली. ताईंच्या एका मैत्रिणीचं माहेर खटावकडचं, माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं घर. ती रात्री उशिरापर्यंत भेगेतल्या पाट्यांबद्दल विचारत होती, तिच्याकडे स्लॅबचा निर्णय झाला होता. सकाळी जाताना इंजिनिअरांचा नंबर घेऊन गेली.

बाथरूम सुरू. तिथली फरशी फुगत नाही, गळत नाही हे दोन दिवस पाणी साठवून आधी पाहिलं होतं. आत्या रात्री कोणालाही न उठवता जाऊन आल्या आणि सकाळी चहा घेताना हे सगळ्यांना सांगितलं.

१४ जानेवारी, संक्रांत

गिलाव्याचा पहिला हात परवा पडला होता. किल्ल्याची आणि परसाची पांढरी माती, भाताचा तूस, शेण, आठवडाभर कुजवून. भिंत आधी पाण्याने ओली करून घेतली, पण थोडीच. मातीचा हात पुरता वाळला, भेगा पडल्या त्या लाकडी थापीने दाबून घेतल्या, की वर चुन्याचा. आज चुन्याचा नमुना चार फूट चौकोनात घातला: एक भाग चुना, दोन भाग चाळलेली वाळू, अर्धा भाग सुरखी, म्हणजे भाजक्या विटांची पूड, गुळाचं आणि बेलफळाच्या गराचं पाणी. जाडी बोटाच्या पेराएवढीसुद्धा नाही. सिमेंटसारखा दुसऱ्या दिवशी घट्ट होत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत महिनोन्महिने दगड होत जातो. त्यामुळे ओलं पोतं लावून रोज दोन वेळा शिंपडायचं.

वाईचे गवंडी थापी उलटी धरून घोटत होते, आमचे गवंडीमामा शेजारी बसून शिकत होते. त्यांचंही वय पन्नाशीपुढचं. "माझ्या बापाला यायचं हे," एवढंच म्हणाले.

दुपारी सुगडं पुजली, संध्याकाळी हळदीकुंकू. यंदा बायकांना सोप्यात न बसवता माजघरात बसवलं, दोन्ही दारं उघडी ठेवून. वाण म्हणून मुरलेल्या चुन्याची एक एक डबी द्यावी असं मनात होतं, आईंनी मोडता घातला, म्हणून तिळगुळाबरोबर गाळण्या दिल्या.

२५ जानेवारी

नमुन्याचा चौकोन तडकला नाही. उरलेल्या भिंतीला उद्यापासून.

पुढचं: परसदाराची चौकट, गणपतीच्या पट्टीसह, फेब्रुवारीअखेर. दाराला फळ्या आंब्याच्या नकोत, सागवानच, वर्गणीत बसतं. मागचा पाखा पूर्ण उतरवायचा गुढीपाडव्याला, १९ मार्च, कारण तेव्हा सगळी असतील आणि कौलं हातोहात खाली द्यायला माणसं लागतात. शंभर चौरस फुटाला दीडशेच्या आसपास कौलं, एक एक अडीच-तीन किलोचं. शाकारणी यंदा एप्रिलअखेर संपवायची, मेचा भरवसा नाही. रिपांचं माप सुतारांना दिलं. फुटकी कौलं वेगळी रचली, तेवढीच जुनी मिळाली तर बघायला सांगितलं आहे, नवीन कौलांचा खाचा जुन्याशी जुळत नाही. भाऊजींनी बिल्डरला नकार कळवला, त्याची प्रत फाइलला लावली. फेब्रुवारीचा हप्ता ताईंकडून यायचा आहे.